मुकादम बाईंचा व्हिसा

मुकादम बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. आणि ‘अरे’चं ‘आपण’ व्हायचं. “रहाटे, आपण उभं राहावं,” असं त्या म्हणाल्या की अख्ख्या वर्गाला कळायचं, विलास रहाटे, म्हणजे मी, आज मेला. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. चार दिवस तुम्ही नीट वागलात की एका सकाळी हजेरी घेताना त्या पुन्हा ‘अरे’वर यायच्या, आणि छातीवरचा चिरा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटायचं.

या बाईंवर मी सूड उगवला. तोही हत्यार न उचलता, चांगल्या अक्षरात, एका छापील अर्जावर. बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. रत्नागिरीत त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात उभा राहून मीही मान डोलावत आलो. आता ते पुरे झालं.

रुकय्या मुकादम राहायच्या खाडीकाठच्या राजिवड्यात, आणि शिकवायच्या आमच्या मराठी शाळेत मराठी. घरी त्यांची कोकणी बोली, वर्गात मात्र प्रत्येक अक्षर आपापल्या जागी. पिकलेल्या केसांवर पदर, पायात तपकिरी सँडल, बारा महिने काळी छत्री. एकदा तपासणीला आलेले साहेब त्यांना कौतुकाने म्हणाले होते की मुसलमान असून मराठी फार छान शिकवता तुम्ही. बाई म्हणाल्या, “आपण मराठी असून शेरा इंग्रजीत लिहिलात. मी काही विचारलं का?” साहेबांनी शेरा खोडून मराठीत लिहिला. ती वही शाळेत पुढे कित्येक वर्षं दाखवली जायची.

बाईंचं एक वेड होतं, जन्मतारखा. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं एक जूनला जन्मलेली. पहिलीत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोर कधीचं. आई म्हणायची, माहीत नाय. गुरुजी एक जून लिहून मोकळे. बाईंना हे सहन होत नसे. पाचवीला नवीन पोरं आली की त्या शनिवारी शाळा सुटल्यावर छत्री घेऊन घरोघर निघायच्या. आमच्या घरी आल्या तेव्हा मी पडवीत दडून ऐकत होतो. लावणी झाली होती का, गौरी गेल्या होत्या का, पाऊस होता की उघडीप, असं त्यांनी आईला तासभर विचारलं. आईला आठवलं ते एवढंच, की गौरी जाऊन तीन दिवस झाले होते आणि त्याच दिवशी गाय व्याली होती. बाईंनी पिशवीतून जुनं पंचांग काढलं, बोटावर मोजलं आणि माझी खरी तारीख शाळेच्या रजिस्टरात गेली. आई नंतर कितीतरी दिवस हसत होती. “तुझा वाढदिवस त्या मुकादमीण बाईने शोधून काढलान,” म्हणायची.

बाईंचं लग्न झालं नाही. एक धाकटी बहीण होती, मेहरू. ती लग्न होऊन कराचीला गेली, तिथल्या आमच्याकडच्याच एका कोकणी घरात. बाई वर्गात स्वतःबद्दल बोलत नसत, पण निबंधाला प्रवासवर्णन दिलं की एक गोष्ट हमखास सांगायच्या. तरुणपणी त्या एकदाच मेहरूकडे गेल्या होत्या, पंजाबातून, रेल्वेने. अटारीला गाडी थांबते, माणसांना सामानासकट उतरवतात, एका टेबलावर पासपोर्ट, दुसऱ्यावर सामान. मग पुन्हा गाडीत बसायचं, आणि मधे कुंपण ओलांडलं की पलीकडे वाघ्याला पुन्हा तेच. बाईंच्या ट्रंकेत मेहरूसाठी सुके बांगडे होते. पलीकडच्या कस्टमवाल्याने ट्रंक उघडली आणि चार पावलं मागे गेला. हे काय आहे, याची परवानगी कुठे आहे, म्हणू लागला. बाईंनी आपले सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि त्याला हिंदीत सांगितलं, “हे माझे. बांगड्यांना व्हिसा लागतो असं तुमच्या अर्जात कुठे लिहिलेलं नाही.” तो हसला आणि ट्रंक बंद केली. मेहरूने ते बांगडे पंधरा दिवस पुरवून पुरवून खाल्ले, असं सांगून बाई म्हणायच्या, “कागद खरे असले की कुठलीही वेस ओलांडता येते. लिहून घ्या.”

आम्ही लिहून घ्यायचो.

आता माझ्या भावाबद्दल सांगतो. सुरेशदादा त्याच शाळेत कारकून होता. बाई तोवर मुख्याध्यापिका झालेल्या. मी नोकरीसाठी परीक्षा देत फिरत होतो, आणि एका सरकारी भरतीत वयाच्या अटीत थोडक्यात बसत नव्हतो. दादाने शाळेच्या रजिस्टरात माझ्या जन्मसालाचा शेवटचा आकडा बदलला आणि माझा नवा दाखला लिहिला. दाखल्यांचं बुक बाईंपुढे सहीला आलं. दुसऱ्या कुणाही मुख्याध्यापकाने डोळे झाकून सह्या ठोकल्या असत्या. बाई माझी तारीख पाहून थांबल्या, कारण ती त्यांनी स्वतः शोधून काढलेली. त्यांनी रजिस्टर मागवलं, खाडाखोड पाहिली, आणि अहवाल वर पाठवला.

दादाची चौकशी झाली, नोकरी गेली. मुंबईला भांडुपला एका सोसायटीत वॉचमन म्हणून राहिला. चार वर्षांत दारूने संपला. त्याला गावी आणलं तेव्हा आई रडली नाही. उंबऱ्यात बसून एकच म्हणत राहिली, “तिनं माझ्या पोराला खाल्लान.” आई शेवटपर्यंत हे म्हणत होती आणि मी ते ऐकत होतो. त्या भरतीत मी नव्हतोच, हे सांगायला नको. कचेरीच्या रस्त्याला मी अर्ज भरून देण्याचं दुकान टाकलं. रेशन कार्ड, जातीचा दाखला, पासपोर्ट. आखातात जाणारे मुलगे, त्यांचे बाप, आणि कधीमधी कराचीला नातेवाईक असलेली राजिवड्यातली म्हातारी माणसं.

एक दिवस बाई आल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं, डोळ्यावर हिरवं झापड. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “विलास, तुझं अक्षर चांगलं होतं. अजून आहे ना?” मला वाटलं होतं, मला पाहून ही बाई थोडी तरी अवघडेल. ती अवघडली नाही. खरं सांगितल्याचा राग कुणी धरतं, हे बाईंच्या हिशेबातच नव्हतं. यानेच माझं डोकं फिरलं.

मेहरू आजारी होती. मूत्रपिंडं गेलेली. मेहरूच्या मुलाने मावशीला पत्र पाठवलं होतं की खाला, निघा, अम्मी रोज तुमचं नाव घेते. बाईंना जिवंतपणी तिला एकदा बघायचं होतं, बाकी काही नाही. कागद त्यांनी सगळे बरोबर आणलेले, मेहरूच्या मुलाचं बोलावणं, त्याच्या ओळखपत्राची प्रत, फोटो, नवाजुना पासपोर्ट. तो अर्ज साधा नसतो. कुठल्या शहरात जाणार ते लिहायचं, त्या शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, पोचल्यावर पोलिसांत नोंद करायची. आणि कुठल्या नाक्यावरून आत जाणार नि बाहेर येणार, कशाने, तेही लिहायचं. व्हिशावर जो नाका छापून येतो तोच. दुसरीकडून गेलात तर परत पाठवतात.

तेव्हा रेल्वेच्या दोन वाटा चालू होत्या. एक बाईंची जुनी, अटारीची, पण ती लाहोरला टाकते आणि तिथून कराची फार लांब. दुसरी राजस्थानातून, जोधपूरहून मुनाबाव, पलीकडे खोखरापार, मग सरळ कराची. ती आठवड्यातून एकदा. बाईंचे गुडघे गेलेले, डोळा असा. त्या म्हणाल्या, “दुसरी लिही. मला लाहोरला पुन्हा गाडी बदलवणार नाही.”

मी त्या रकान्यात लिहिलं, अटारी–वाघा, रेल्वेने.

लोक म्हणतात अशा वेळी हात कापतो. माझा कापला नाही, अक्षर उत्तम आलं. कधी कुणी विचारलंच तर उत्तरही तयार होतं, जुना पासपोर्ट समोर होता, त्यावरून चुकून उतरवलं.

“वाच,” बाई म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं.

मी वाचलं, “मुनाबाव–खोखरापार, रेल्वेने.”

त्यांनी सही केली. महिनाभराने दिल्लीहून पासपोर्ट आला. त्या तो घेऊन थेट दुकानात आल्या, झापड गेलेलं पण नवा चष्मा मिळायचा होता. शिक्क्यातलं बारीक अक्षर त्यांना लागेना. पुन्हा म्हणाल्या, वाच. पहिल्यांदा मी संतापात होतो, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा माझ्याकडे महिनाभराचा विचार होता. तेव्हा खरं वाचलं असतं तर बाई दुसऱ्या दिवशी अटारीच्या वाटेला लागल्या असत्या. गुडघे धरत, हालहाल होऊन, पण पोचल्या असत्या. मी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा तेच वाचलं. त्या दिवशी घरी मी दोन घास जास्त जेवलो. बायकोने विचारलं, आज खूश दिसता. मी म्हटलं, काम झालं एक.

पुढचं मला बाईंच्या रत्नागिरीतल्या भाच्याने, त्यांच्या भावाच्या मुलाने सांगितलं, तो त्यांच्याबरोबर गेला होता. रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून जोधपूर. त्या गाडीचं तिकीट तिथेच, पासपोर्ट दाखवूनच मिळायचं. शिक्का माझ्याकडून वाचून घेतलेला, म्हणून तोवर पासपोर्ट कुणी उघडलाच नव्हता. खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला आणि परत सरकवला. म्हातारीला समजावलं, अम्मा, तुमचा रस्ता हा नाही, तुमचा अटारी. भाचा भांडायला लागला. बाईंनी त्याला गप्प केलं, नव्या चष्म्यातून शिक्का नाकाजवळ धरून स्वतः वाचला, आणि म्हणाल्या, “यांचं बरोबर आहे.” तिथून दिल्ली. अटारीची गाडी दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत कराचीहून फोन आला, मेहरू गेली.

भाचा म्हणाला, आत्या, आता आलोच आहोत तर चला, कबरीवर फातेहा तरी वाचा. व्हिसा होता, नाका बरोबर होता, गाडी उभी होती. बाई गेल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्जात मी कारण लिहिलंय, बहिणीला भेटणे. ती नाही. आता हा कागद खोटा झाला.” आणि ट्रंक उचलायला सांगून परत फिरल्या.

हे ऐकून मला काय वाटलं, ते खरं लिहितो. आधी वाटलं, झालं, फिटलं. आणि लगेच त्यांचा नव्याने राग आला. एवढं झाल्यावरही ही बाई कागदालाच धरून बसली. गेली असती कबरीवर, तर माझं पाप निम्मं झालं असतं. तेवढंही तिने करू दिलं नाही.

गावात कुणी माझं नाव घेतलं नाही. शेजारचा स्टॅम्पवाला म्हणाला, दोन सरकारांच्या भांडणात बिचाऱ्या बाई भरडल्या. दुसरा म्हणाला, त्या देशात जायचंच कशाला पण. मी दोघांनाही हो म्हटलं. दोन देशांच्या वैरामागे मी आरामात लपलो. माझं वैर एका रजिस्टराएवढं, घरगुती होतं, ते कुणाला दिसणार.

आठवड्याने बाई दुकानात आल्या. चार-पाच गिऱ्हाइकं होती. कुणीतरी उठून स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत. पासपोर्ट माझ्यापुढे उघडून ठेवला.

“आपण हे वाचून दाखवावं.”

आवाज अगदी खाली. मी म्हटलं, बाई, आत या, बसून बोलू. त्या तशाच उभ्या. मी वाचलं, “अटारी–वाघा. रेल्वेने.”

“मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाही.”

मी पुन्हा वाचलं. मागच्या लोकांना वाटलं, म्हातारीला खरंच ऐकायचंय. बाईंनी पासपोर्ट मिटला, पिशवीत टाकला. “वाचता येतं आपल्याला,” म्हणाल्या आणि गेल्या. पोलिसांत गेल्या नाहीत, भाच्यालाही बोलल्या नाहीत. मी पुढचे कित्येक महिने वाट पाहत होतो. तक्रार झाली असती तर बरं झालं असतं. निदान मीही भांडलो असतो, दादाचं नाव काढलं असतं. त्यांनी मला भांडण दिलंच नाही. पुढे त्या दोन्ही गाड्या बंद झाल्या. राजिवड्यातल्या म्हाताऱ्यांनी त्यासाठी माझ्याकडे येणं सोडलं.

दोन वर्षांपूर्वी भाचा कसल्याशा झेरॉक्सला आला आणि म्हणाला, आत्या आता उठत नाही फारशी. रविवारी दुपारी मी गेलो. बाई खिडकीशी टेबलाला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. खाडीवरून वारा येत होता. मी उभ्यानेच म्हटलं की बाई, माझी चूक झाली.

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “लिहून द्या.”

मी लिहिलं, अर्जात मार्ग लिहिताना माझ्याकडून चूक झाली. बाईंनी भिंग घेऊन वाचलं. “चूक नाही. आपण दोनदा वाचलंत.” मी तो शब्द खोडू लागलो तर त्यांनी नवा कागद दिला, खाडाखोड त्यांना चालत नसे. मी लिहिलं, सूड म्हणून मुद्दाम चुकीचा मार्ग लिहिला. “कशाचा सूड?” माझ्या भावाची नोकरी घालवल्याचा, असं मी लिहिलं. त्यांनी वाचून कागद परत दिला.

“अपूर्ण आहे. तारीख कुणासाठी बदलली होती?”

ही गोष्ट मी आईला सांगितली नव्हती, बायकोला नाही. दादाला रजिस्टर उघडायला मी लावलं होतं. तो नको म्हणत होता. आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, जेवलो नाही, तेव्हा त्याने आकडा बदलला. आई बाईंना शिव्या घालायची तेव्हा मी समोर बसून भाकरी खायचो.

“सुरेशने चौकशीत आपलं नाव घेतलं नाही,” बाई म्हणाल्या. “मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, माझंच डोकं. मला माहीत होतं खोटं बोलतोय. ते एक मी अहवालात लिहिलं नाही.”

मी लिहिलं. माझ्यासाठी, मी हट्ट धरल्यामुळे. बाईंनी सगळं वाचलं, खाली आपल्या हाताने लिहिलं, ‘मिळाला, वाचला’, आणि सही केली. मी वाट पाहत राहिलो. शेवटी मीच विचारलं, “बाई, माफ केलंत का?”

“तो अर्ज मेहरूकडे करायचा होता,” त्या म्हणाल्या. “मुदत गेली.”

मी निघायला हवं होतं. पण इतकी वर्षं पोटात होतं ते एकदम वर आलं. मी म्हटलं, मग तुम्हीही लिहून द्या, दादाचं. मला वाटलं हाकलतील. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, सुरेश रहाटे यांच्याविरुद्ध अहवाल मी दिला. तो खरा होता. सही करायला पेन उचललं.

“अपूर्ण आहे,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“दादा तुमच्या घरी आला होता. या दारात उभा होता, आकडा पुन्हा होता तसा करतो म्हणत होता. अहवाल पाठवून झाला, असं तुम्ही त्याला सांगितलंत. पाठवला नव्हता. पुढे दोन दिवस तुमच्या टेबलावर होता. शाळेच्या शिपायाने सांगितलं मला.”

“त्या शिपायाला आणा.”

“तो वारला.”

“मग साक्षीदार नाही.”

“तुम्ही आहात,” मी म्हटलं.

बाईंनी सही केली नाही. कागद पुन्हा पुढ्यात घेतला, त्या दोन वाक्यांखाली पेन टेकवलं. भाच्याची बायको चहा ठेवून गेली. चहावर साय आली. पेन तिथेच. खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. मी उठलो.

गल्लीच्या वळणावरून त्यांची खिडकी दिसते. मी थांबून मागे पाहिलं. बाई तशाच कागदावर वाकलेल्या, पदर खांद्यावर घसरलेला, पेन धरलेला हात हलत नव्हता. अकरा दिवसांनी त्या गेल्या. त्या कागदावर पुढे काही लिहिलं गेलं का, ते मी भाच्याला कधी विचारलं नाही. त्या दुपारी मला त्यांची दया यायला हवी होती. मी त्या वळणावर उभा राहून त्यांना सावकाश, मन भरेपर्यंत पाहून घेतलं आणि मग घरी गेलो.